छायाचित्रांच्या रिटचिंगचा रास्त दर

तुळशीचे लग्न उरकले की बडोद्यात लग्नसराई सुरू होते. डिसेंबरच्या मध्यास कमुरता लागेपर्यंत मांडववाले, बँडवाले, आचारी आणि छायाचित्रकार यांपैकी कोणालाच उसंत मिळत नाही. उत्तरायण झाले की पुन्हा तीच धावपळ उन्हाळ्यापर्यंत चालते. या साऱ्या गडबडीत एक कारागीर मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. तो मांडवात नसतो, पंगतीत नसतो. रावपुऱ्यातल्या किंवा मांजलपुरातल्या एखाद्या खोलीत संगणकापुढे बसून, दुसऱ्याने काढलेली छायाचित्रे तो एकेक करून सुधारीत असतो. नवरीच्या कपाळावरची घामाची चकाकी तो कमी करतो; पिवळ्या दिव्याने बिघडलेला शालूचा रंग ताळ्यावर आणतो; वरमाईच्या मागे डोकावणाऱ्या विजेच्या तारा नाहीशा करतो. या कामास व्यवसायात रिटचिंग म्हणतात आणि ते करणारा तो रिटचर.

एका लग्नात तीन-चार हजार छायाचित्रे सहज निघतात. त्यांपैकी हजारभर तरी रिटचरकडे येतात. छायाचित्रकार फोनवर विचारतो, "जथ्थाबंध काम छे, शुं भाव?" आणि येथेच हा कारागीर अडखळतो. जास्त सांगावे तर काम दुसरीकडे जाईल. कमी सांगावे तर रात्री जागूनही महिन्याचा मेळ बसणार नाही. मग शेजारचा जो दर घेत असेल त्याहून एक रुपया कमी सांगून तो मोकळा होतो. शेजाऱ्यानेही आपला दर असाच तिसऱ्याकडे पाहून ठरविलेला असतो. हिशेब कोणीच केलेला नसतो. तो कसा करावा, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

बडोद्याची परंपरा

ज्या शहरात हा प्रश्न उभा राहिला आहे, त्या शहराला चित्राचे मोल ठरविण्याचा अनुभव नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली राजा रविवर्मा यांस पुराणातील प्रसंगांवर १४ चित्रे काढण्याचे काम दिले. त्याचा मोबदला ५०,००० रुपये ठरला होता. म्हणजे दर चित्रास सरासरी साडेतीन हजारांहून थोडे अधिक पडले. परंतु रविवर्म्यांनी हे काम स्वीकारल्यावर लगेच कुंचला हाती घेतला नाही. बंधू राजराज वर्मा यांस बरोबर घेऊन ते देशभर हिंडले. ठिकठिकाणची वेषभूषा, चेहरे, वास्तू त्यांनी पाहिल्या आणि मग चित्रे रंगविली. त्या मोबदल्यात केवळ रंग आणि कापड यांची किंमत नव्हती. प्रवासाचे महिने आणि त्यापूर्वीची वर्षानुवर्षांची तयारी यांचेही मोल त्यात धरलेले होते.

दोनच वर्षांनी, १८९० साली, याच शहरात कलाभवन निघाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे कला आणि यंत्रविद्या यांचे शिक्षण एकत्र मिळू लागले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचेच विद्यार्थी. छायाचित्रण आणि छपाईच्या ठशांचे तंत्र त्यांनी त्या काळात आत्मसात केले आणि काही काळ गोध्र्यास छायाचित्रांचा स्टुडिओही चालविला. कलाभवनाचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेकडे आहे, तर त्याच विद्यापीठात १९५० साली सुरू झालेल्या ललितकला शाखेने चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या आहेत. हाताचे कौशल्य आणि यंत्र यांची सांगड घालून पोट भरणे, ही गोष्ट या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे.

रिटचिंगही काही संगणकाने आणलेले नवे खूळ नव्हे. म्यूनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हानफ्श्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच छायाचित्राच्या दोन प्रती, एक मूळ आणि एक सुधारलेली, शेजारी शेजारी मांडल्या होत्या असे छायाचित्रणाचे इतिहासकार सांगतात. काचेच्या निगेटिव्हच्या दिवसांत रिटचर उतरत्या मेजावर काच ठेवी, खालून उजेड घेई आणि टोकदार पेन्सिलीने सुरकुतीवर बारीक बारीक ठिपके देई. जेथे काळेपणा जास्त असे तेथे पात्याने तो हलकेच खरवडी. छापलेल्या प्रतीवरचे पांढरे ठिपके कुंचल्याने भरी. आपल्याकडे तर छापील छायाचित्रे हाताने रंगविण्याची कला चांगलीच बहरली होती.

त्या काळात मात्र एक नैसर्गिक बंधारा होता. काच महाग, रसायने महाग. त्यामुळे छायाचित्रकार मोजूनच काचा खर्च करी. डिजिटल कॅमेरा आला आणि हा बंधारा फुटला. एक छायाचित्र काढले काय आणि पन्नास काढली काय, खर्च तोच. १९९० साली फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आली, तेव्हा रिटचरची पेन्सिल बदलली; पण कॅमेऱ्यातून चित्रांचा लोंढा सुरू झाला, तेव्हा त्याचे जीवनच बदलले. कॅमेऱ्यामागच्या माणसाचा जो खर्च वाचला, तो निवडीच्या आणि दुरुस्तीच्या श्रमांच्या रूपाने संगणकापुढच्या माणसावर येऊन पडला.

नगाच्या दरात दडलेला तास

दर नगावर सांगा किंवा तासावर सांगा, विकला जातो तो माणसाचा वेळच. नगाचा दर म्हणजे तासाचाच दर. फक्त तो झाकलेला असतो. झाकण उघडून आत किती आहे हे पाहिल्याखेरीज नगाचा दर रास्त की गैर, हे सांगता येणार नाही.

ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वी एका मोठ्या प्रयोगात स्पष्ट झाली. खादीसाठी सूत कातणाऱ्या बायांना मजुरी लडीवर मिळे, आणि ती इतकी तुटपुंजी असे की दिवसभर चरखा फिरवूनही पोटापुरते मिळत नसे. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारतीय चरखा संघाने ठराव केला की, आठ तास नीट काम करणाऱ्यास निदान पुरेसा आहार आणि अंगभर वस्त्र मिळेल एवढी मजुरी पडली पाहिजे. म्हणजे आधी पोटाचा हिशेब, मग तासाचा, आणि मग आठ तासांत किती सूत निघते ते पाहून लडीचा दर. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती तेव्हाही अनेकांनी व्यक्त केली होती. तरी गांधीजींनी क्रम बदलू दिला नाही.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार शासनाने पुढे नेला. १९४८ साली नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान वेतन, वाजवी वेतन आणि निर्वाह वेतन असे तीन थर कल्पिले. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टीच ठरवून दिली. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरावीत, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरावे, घरभाडे धरावे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण रकमेच्या २० टक्के धरावेत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरण्यास सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेतही नगावर काम करणाऱ्या कामगारास किमान वेतनाच्या दरापेक्षा कमी पडू नये, हे तत्त्व आहे.

परंतु हे संरक्षण नोकरीतल्या कामगारास आहे. आपल्या घरी, आपल्या यंत्रावर, चार गिऱ्हाइकांची कामे घेणारा रिटचर हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून व्यावसायिक ठरतो. त्याचे किमान वेतन सरकार ठरवीत नाही. ते त्यालाच ठरवावे लागते, आणि म्हणून त्याने ही मोजपट्टी स्वतःच हाती घेणे अगत्याचे आहे.

हिशेबाची रीत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे प्रत्येकाचे निराळे असतील. रीत मात्र तीच राहील. समजा, एका रिटचरच्या कुटुंबाला महिना ३०,००० रुपये लागतात. वर्षाचे ३,६०,००० झाले. त्यात धंद्याचा खर्च मिळवावयाचा. संगणक, रंग खरे दाखविणारा पडदा आणि लेखणी-पाटी मिळून १,२०,००० रुपये लागले आणि ते साहित्य चार वर्षे टिकते असे धरले, तर वर्षाचा वाटा ३०,०००. संगणकप्रणालीचे भाडे १२,०००. वीज आणि इंटरनेट २४,०००. चित्रे साठविण्याच्या डिस्क व दुरुस्ती १४,०००. आजारपणाचा विमा आणि म्हातारपणाची शिल्लक ४०,०००. ही बेरीज १,२०,००० होते. एकूण वर्षाला ४,८०,००० रुपये मिळाले पाहिजेत.

आता तास मोजावयाचे, आणि बहुतेकांची चूक होते ती येथेच. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून ५२ रविवार आणि सण, आजार, पाहुणे यांचे ३३ दिवस वजा केले तर २८० उरतात. दिवसाचे आठ तास धरावेत, पण आठही तास विकले जात नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणे, चित्रे मागवणे व पाठवणे, बिले करणे, थकलेल्या पैशांचा तगादा लावणे, नवे तंत्र शिकणे यांत तीन तास सहज जातात. राहिले पाच. शिवाय कमुरत्याच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत काम मंदावते. त्यासाठी वर्षाकाठी २०० तास सोडावेत. म्हणजे १,४०० तासांतून २०० गेले. विकता येण्याजोगे तास उरले १,२००. चार लाख ऐंशी हजारांस बाराशेने भागले की तासाचा दर येतो ४०० रुपये. या चारशेतले शंभर धंद्याच्या खर्चात जातात आणि तीनशे घरी येतात.

तिसरी पायरी वेगाची. सर्व छायाचित्रे सारखी नसतात. म्हणून त्यांचे निदान तीन वर्ग करावेत. पहिल्या वर्गात उजेड, रंग आणि चौकट एवढेच नीट करावयाचे असते. अशी तासाला ५० होतात असे धरले, तर दर ८ रुपये. दुसऱ्या वर्गात चेहऱ्यावरचे डाग, विस्कटलेले केस, मागची अडगळ काढावी लागते. अशी तासाला सहाच होतात. दर ६७ रुपये. तिसऱ्या वर्गात अल्बमच्या मुखपृष्ठावर किंवा भिंतीवर मोठे करून लावावयाची चित्रे येतात. तेथे एकाच चित्रास तास लागतो; दर ४०० रुपये.

हे वर्ग डोळ्यांनी अंदाजून पाडू नयेत. गिऱ्हाईक नमुना म्हणून जी पाच चित्रे पाठवते ती बहुधा सर्वांत चांगली असतात. त्यापेक्षा सबंध गठ्ठा मागवावा आणि त्यातले दर पन्नासावे चित्र उचलावे. हजारातून वीस चित्रे मिळतील. ती घड्याळ लावून प्रत्यक्ष पुरी करावीत. तास-दीड तासाच्या या कसोटीने पुढचे कित्येक दिवस वाचतात.

समजा, या कसोटीवरून हजारांपैकी ८५० चित्रे पहिल्या वर्गातली, १४० दुसऱ्या आणि १० तिसऱ्या वर्गातली ठरली. त्यांचे अनुक्रमे ६,८००, ९,३८० आणि ४,००० रुपये झाले. कामाची मांडणी, म्हणजे गठ्ठा लावणे, रंगाचा मेळ ठरविणे, नमुना मंजूर करून घेणे, यास तीन तास लागले तर त्याचे १,२०० रुपये. एकूण २१,३८० रुपये. सरासरीने दर चित्रास एकवीस रुपयांहून थोडे अधिक पडले.

आता गिऱ्हाईक म्हणाले, "सरसकट दहा रुपये घ्या," तर काय होते? दर निम्म्यावर आला असे वरवर वाटते. पण नीट पाहावे. या कामाला सुमारे ५३ तास लागतात. दहा हजार रुपयांस ५३ तासांनी भागले तर तासाला १८७ ते १८८ रुपये पडतात. त्यातले शंभर रुपये खर्चाचे, ते सुटत नाहीत. विजेचे बिल दर पाहून कमी होत नाही. घरी येतात ते जेमतेम ८८ रुपये. महिन्याच्या शंभर तासांचे सुमारे ८,८०० रुपये झाले, आणि घराला लागतात तीस हजार! दर निम्मा झाला की उत्पन्न निम्मे होत नाही, ते तिसऱ्या हिश्श्याहून खाली जाते. तूट भरून काढण्यास मग तो पाचाऐवजी बारा-बारा तास पडद्याकडे डोळे लावतो. डोळे, मान आणि मनगट यांवर जो ताण पडतो तो कोणत्याच बिलात लिहिलेला नसतो.

घाऊक सूट कोठून द्यावी?

घाऊक कामाला सूट मिळावी ही गिऱ्हाइकाची अपेक्षा मुळीच गैर नाही. प्रश्न एवढाच की ती कोठून द्यावी. वर मांडणीचे १,२०० रुपये धरले. काम शंभर चित्रांचे असते तर दर चित्रामागे मांडणीचे १२ रुपये पडले असते. हजारांच्या कामात सव्वा रुपयाहूनही कमी पडतात. घाऊक सूट खरोखर निर्माण होते ती येथे. दुसरी बचत सारखेपणातून होते. सुरतेच्या साड्यांची किंवा भांड्यांची छायाचित्रे एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या पडद्यापुढे काढलेली असतात. एका चित्राला लावलेली दुरुस्ती पुढच्या शंभरांना तशीच लागू पडते. तेथे दर पुष्कळ खाली आणता येतो आणि आणावाही.

लग्नाचे तसे नसते. हळदीच्या वेळी अंगणातले ऊन, सीमांतपूजनाला सभागृहाची नळीदिव्यांची फिकट छटा, रात्री गरब्याला रंगीबेरंगी झगमगाट, आणि तीन छायाचित्रकारांचे तीन कॅमेरे. येथे हजाराव्या चेहऱ्यावरचा डाग काढण्यास पहिल्या चेहऱ्याइतकाच वेळ लागतो. तेव्हा मांडणीवर सूट द्यावी, सारखेपणावर द्यावी. हाताच्या कामावर देऊ नये. तशी सूट म्हणजे कारागिराने आपल्या घरातून गिऱ्हाइकाला दिलेली देणगी होय.

छायाचित्रकाराचीही एक बाजू आहे. त्याने यजमानाशी आधीच ठोक रकमेचा सौदा केलेला असतो आणि यजमानास सर्वच्या सर्व चित्रे हवी असतात. तो रिटचरच्या दराला कात्री लावतो ती नेहमीच लोभाने लावतो असे नाही. अशा वेळी उपाय दर कमी करणे हा नसून संख्या कमी करणे हा आहे. वरच्याच उदाहरणात छायाचित्रकाराने हजारांतली ४०० चित्रे निवडून दिली, आणि तीनही वर्गांचे प्रमाण तेच राहिले, तर ३४० चित्रांचे २,७२०, छप्पन्न चित्रांचे ३,७५२, चार चित्रांचे १,६०० आणि मांडणीचे १,२०० मिळून ९,२७२ रुपये होतात. म्हणजे त्याच दहा हजारांच्या आत काम बसते आणि कोणाच्याच पोटाला चिमटा बसत नाही. अल्बम पाहणाऱ्यासही चारशे नीटस चित्रे हजार घाईच्या चित्रांपेक्षा अधिक सुखद वाटतात.

अटी दराइतक्याच महत्त्वाच्या

ठरलेला दर हातात पडेलच असे नाही. तो गळण्याच्या वाटा अनेक आहेत. पहिली वाट फेरदुरुस्तीची. "जरा आणखी उजळ करा," "नको, पूर्वीचेच बरे होते," असे करता करता एकच चित्र चार वेळा होते. विडी-कामगारांना या दुःखाची चांगली ओळख आहे. हजार विड्या वळून दिल्या की कारखानदार काही विड्या छाट म्हणून बाजूला काढी आणि त्यांची मजुरी बुडे. पुढे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने या छाटीची दखल घेतली आणि तिला मर्यादा घालण्याची वाट मोकळी झाली. रिटचरनेही तसेच करावे. सुरुवातीस पाच चित्रे पुरी करून नमुना मंजूर करून घ्यावा. नमुन्याबरहुकूम नसेल ते फुकट सुधारून द्यावे. नमुना मंजूर झाल्यावर आवड बदलली तर तासाचा दर लावावा. आपली चूक आणि दुसऱ्याची लहर यांत फरक करण्याचा हाच एक मार्ग आहे.

दुसरी वाट घाईची. उद्या सकाळी हवे असलेले काम म्हणजे रात्रीचे काम, आणि त्यासाठी दुसऱ्याचे काम मागे सारावे लागते. त्यास वाढीव दर असावा व तो आधी सांगावा. तिसरी वाट उधारीची, आणि हीच सर्वांत मोठी. मोठ्या कामास सुरुवातीस काही इसार, अर्धे काम झाल्यावर काही रक्कम आणि अखेरची चित्रे देण्यापूर्वी उरलेली, अशी विभागणी केल्यास जोखीम कमी होते.

येथे कायदाही साहाय्यास येऊ शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखाली घरी बसून सेवा देणारा एकटा कारागीरही सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागते. तिला फी नाही. अशा पुरवठादाराचे पैसे करारातील मुदतीत द्यावे लागतात, आणि करार कसाही असला तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर पंधरा दिवसांत पैसे देणे आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज लागू होते. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वीच झालेली असावी आणि दर, संख्या, मुदत ही निदान एका लेखी संदेशात तरी असावीत. तोंडी सौद्याला परिषदेपुढे पुरावा कोठला आणणार?

एकजूट कशाची करावी?

सर्व रिटचरांनी एकत्र येऊन एकच दर का जाहीर करू नये, असे कोणी म्हणेल. चरखा संघाने दर ठरविला हे खरे. पण चरखा संघ स्वतः सूत विकत घेणारा होता. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या व्यावसायिकांनी संगनमताने किंमत ठरविणे हे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या आड येते. म्हणून एकजूट दराची न करता रीतीची करावी. कामाचे वर्ग कोणते, फेरदुरुस्ती कशास म्हणावे, नमुना कसा घ्यावा, विकाऊ तास कसे मोजावेत, कराराचा साधा मसुदा कसा असावा, या गोष्टी एखाद्या संघाने शिकविण्यास हरकत नाही. प्रत्येकाने आपला दर आपल्या हिशेबाने काढावा. हिशेब करणारे वाढले की बेहिशेबी दर आपोआप कमी होतात.

यंत्र आणि हात

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. बटण दाबताच शेकडो चेहरे नितळ होतात. मग दर उतरावयास नको काय? तासाच्या हिशेबात याचेही उत्तर आहे. पहिल्या वर्गाची चित्रे तासाला पन्नासाऐवजी शंभर होऊ लागली, तर त्यांचा नगाचा दर आठावरून चारावर येईल. गिऱ्हाइकाला लाभ होईल, आणि कारागिराचे तासाचे चारशे कायम राहतील. फक्त त्या साधनाचे भाडे खर्चात मिळविले पाहिजे आणि यंत्राने केलेले काम तपासण्याचा वेळही धरला पाहिजे.

कारण यंत्राला डाग आणि खूण यांतला भेद नेहमी कळतोच असे नाही. नवरीच्या हातावरची मेंदीची बारीक नक्षी ते पुसट करून टाकील. मंगळसूत्राचे काळे मणी एकमेकांत मिसळून टाकील. आजीच्या कपाळावरचे आणि हातावरचे हिरवे गोंदण त्वचेचा दोष समजून पुसून टाकील. आजी गेल्यावर घरच्या माणसांना त्या गोंदणाचेच छायाचित्र हवे असते. काय पुसावे आणि काय ठेवावे हे ठरविणारा डोळा, हाच तिसऱ्या वर्गाच्या दरात विकला जाणारा माल आहे, आणि तो घाईने तयार होत नाही.

तेव्हा ज्याला आपला दर रास्त आहे की नाही हे जाणून घ्यावयाचे असेल त्याने येत्या महिन्यापासून एक वही घालावी. रोज किती तास पडद्यापुढे गेले, त्यांतले कामाचे किती, तगाद्याचे किती, कोणत्या वर्गाची किती चित्रे झाली आणि किती परत आली, एवढे आकडे रात्री लिहावेत. महिनाअखेर त्याचा खरा वेग आणि खरे विकाऊ तास त्याच्यापुढे येतील. मग लग्नसराईच्या तोंडावर कोणी घाऊक भाव विचारला, तर शेजाऱ्याच्या दराकडे न पाहता त्याला त्या वहीवरून उत्तर देता येईल. आणि समोरच्याने कारण विचारले, तर तेही पानावर बोट ठेवून दाखविता येईल.